जनरलच्या गाडीची चाकं

चाकं नीट फिरली, तर जावयाला मिळणार होतं ते एवढंच: ड्रायव्हरशेजारची जागा. पत्र्याची, कडक, बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकतील अशी. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासऱ्यांनी त्याला तिथे बसू दिलं नव्हतं. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात. या घरात त्या ग्रहाला अंगणापलीकडे फिरायची परवानगी नव्हती. "हे मुलीचे मिस्टर. प्लास्टिकचं काहीतरी करतात," अशी त्याची ओळख करून दिली जायची.

तो करायचा पॉलियुरेथेनचं ओतकाम. रबरासारखा लवचीक, पण झिजायला भलताच चिवट माल; त्याची ट्रॉल्यांची चाकं, रोलर. सासऱ्यांनी जन्मभर छत्र्या विकल्या, तरी लोक त्यांना जनरल म्हणत, कारण परसात लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जुनी लष्करी गाडी होती. जुन्या गाड्यांच्या मागच्या मेळाव्यात तिच्या चाकांचं रबर पहिल्याच चढावर शिळ्या पावासारखं गळून पडलं. तसं रबर आता कुणी करून देईना. तेव्हा कुठे जनरलना जावई आठवला. अडला हरी कुणाचे पाय धरतो, हे जावयाला ठाऊक होतं. पण त्या जागेसाठी त्याला तेही चालणार होतं.

त्याने जुनं रबर सोललं, लोखंड घासून लख्ख केलं, चिकटद्रव्याचा हात दिला, साचे तापवले. जनरल पाठीशी उभेच.

"काळाच रंग ना?"

"काळाच, बाबा."

"मग तो मी घालणार. तुमच्या भरवशावर माझी गाडी सोडायची नाही मला."

जावई साचा उचलायला वळला. तेवढ्यात जनरलनी, चष्मा खिशात ठेवून, हाताला आलेला रंगाचा डबा सगळ्या चाकांच्या मालाच्या पिंपात उपडा केला. तो होता मुलांच्या स्केटिंगच्या चाकांसाठी आणलेला. नारिंगी.

दोघं पिंपात बघत राहिले.

"यावर काळा ओता की!"

"रंग जास्त झाला की माल कच्चा राहतो. आणि नवा माल मेळाव्याआधी येत नाही. बोला, ओतू?"

जनरलनी मिशा नसलेल्या ओठावरून बोट फिरवलं. "ओता."

मेळाव्याच्या सकाळी त्यांनी सासूबाईंचा फाटकासाठी आणलेला काळा रंग चाकांना फासला.

"अहो, माझं फाटक अर्धंच झालंय!"

"फाटक कुठे जातंय? गाडी जातेय."

"बाबा, यावर रंग टिकत नाही."

"प्लास्टिकवाले, गप्प बसा."

मैदानात शेजारच्या जागेवर नेहमीचे मिशीवाले काका बसले. जनरलचे दोस्त, जुन्या गाडीत खिळासुद्धा मूळचाच हवा असा हट्ट धरणारे. गाडी निघाली, पट्टे घासू लागले आणि काळ्याची सालपटं उडायला लागली. आधी नारिंगी डोकावलं, मग चांगलंच झळकलं. दोरीपलीकडची पोरं नाचायला लागली, "संत्री! संत्री!"

काकांनी वाकून पाहिलं. "जनरल, ही गाडी आहे की सर्कस? थांबवा, मी उतरतो." आणि खरंच उतरले.

चढासमोर गाडी थांबली. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "हा रंग कुणाच्या डोक्यातून निघाला हो?"

जावई पुढे झाला. "चूक माझ्याकडून..."

"खोटं बोलू नका!" जनरल वरून गरजले. "रंग मी ओतला. पण चाकं माझ्या जावयाची आहेत. जावईबापू, चढा वर!"

गाडी चढ चढली, उतरली, पोरांच्या आग्रहाखातर पुन्हा चढली. चाकांची कपचीसुद्धा उडाली नाही. जावयाचे गुडघे हनुवटीला लागले होते आणि हनुवटी काही केल्या खाली येत नव्हती.

शेवटी हिशेब असा झाला: जावयाला जागा मिळाली, जनरलना टाळ्या, काकांना घरापर्यंत पायपीट. भुर्दंड तेवढा सासूबाईंच्या फाटकाने भरला. ते अजून अर्धंच काळं आहे.