दुसऱ्या हाताची वाट

मित्रांनो, मी एक जुना रंगाचा ब्रश आहे. जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काम करून करून टक्कल पडलेला ब्रश येईल. माझं तसं नाही. माझे केस जागच्या जागी आहेत, पण ते एकमेकांना असे घट्ट चिकटलेत की माझ्या डोक्याने आता भिंतीत खिळा ठोकता येईल. उभ्या आयुष्यात मी धड एकच भिंत रंगवली. ती कशी रंगवली आणि पुढे काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे केस मुठीत धरून टेबलावर आपटून सारखे केले, कमरेला पत्रा आवळला आणि मागे लाकडी दांडा बसवला. दांड्याच्या टोकाला खुंटीवर टांगण्यासाठी भोक पाडलं. मला कुणी कधी टांगलं नाही, पण ते जाऊ द्या.

रंगाच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. एक दिवस एक जोडपं आलं. नवीन लग्न, नवीन घर. घर आपलं आपणच रंगवायचं, असं दोघांनी मनावर घेतलेलं. रंगाचा अनुभव म्हणाल तर शून्य. फिकट बदामी रंगाचा डबा पसंत झाला. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सामान बांधता बांधता म्हणाला, "जुनी भिंत आहे ना? मग दोन हात लागतील."

"आमचे चार आहेत," नवरा ऐटीत म्हणाला.

"चार कशाला? दोन पुरे."

दुकानदार थरांबद्दल बोलत होता आणि हा माणसांच्या हातांबद्दल. बाहेर पडता पडता तो बायकोला म्हणाला, "बघ, दोनच हात पुरतात. म्हणजे ब्रश एकच बास. आळीपाळीने करू." अशा रीतीने माझी एकट्याची त्या घरात नेमणूक झाली.

मित्रांनो, तो दिवस मी कधी विसरणार नाही. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीपासून सुरुवात झाली. तिने डाव्या बाजूने मला आडवं फिरवलं, त्याने उजव्या बाजूने उभं. एक रंगवत असला की दुसरा स्टूल धरायचा आणि चुका काढायचा. "अरे, भिंत रंगव, स्वतःला नको," ती म्हणायची. त्याच्या कोपरापर्यंत ओघळ आलेले असायचे. माझी तर दिवसभर चंगळ होती. हातातून हातात जायचो, क्षणभर कुणी खाली ठेवत नव्हतं.

रंग वाळला आणि खालचा जुना पोपटी रंग जागोजागी वर डोकावू लागला. मधोमध, जिथे तिचे आडवे फटकारे संपत होते आणि त्याचे उभे सुरू होत होते, तिथे एक जाड शिवण दिसत होती. शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांनी मान तिरकी करून भिंत न्याहाळली आणि विचारलं, "दुसरा हात कधी देणार?"

"दिला की काकू. डावीकडे हिचा, उजवीकडे माझा."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "अरे देवा. हात म्हणजे थर रे. एक वाळला की त्याच्यावर दुसरा." मग तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या सुट्टीला दुसरा हात द्यायचा ठरलं. तिने मला नळाखाली धरून केसन्‌केस मोकळा केला आणि कागदात गुंडाळून गॅलरीतल्या फळीवर ठेवलं. तेव्हाच्या त्या दोन्ही तळव्यांची ऊब मला अजून आठवते.

पुढच्या सुट्टीच्या आतच त्याला दूरच्या गावी नोकरी लागली. "घडी बसली की तुला घेऊन जातो, नाहीतर मीच परत येतो," असं सांगून तो गेला. दोन्हींतलं काहीच झालं नाही. घर सुनं झालं. ती कामावरून यायची, एकीचं जेवण करायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. काकू म्हणायच्या, "अगं, रंगारी बोलाव, एका दिवसात उरकेल." ती म्हणायची, "नको काकू. तो आला की आम्ही दोघं करू." तो कायमचा आला की दुसरा हात, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि खरं सांगतो, मीही त्याच दिवसाची वाट बघत होतो.

एकदा तो रजेवर आला. आल्या आल्या बाह्या सरसावून त्याने मला रंगात बुडवलं. मी सुखावलो. कोपऱ्यात हातभर जागा झाली असेल नसेल, तोच त्याला फोन आला. निघावं लागणार होतं.

"एवढा हात तरी पुरा करून जा," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी करू ना."

"तुझी पुढची वेळ मला पाठ झालीय."

तो मला गॅलरीत नेऊन डब्याच्या झाकणावर ठेवून बॅग भरायला गेला. तिला वाटलं, जाताना त्याने ब्रश धुतला असेल. त्याला वाटलं, नेहमीसारखी ती धुईल. मी मात्र तिथेच होतो, ओला. आधी टोकं ताठरली, मग पोट, मग पार कमरेपर्यंत मी लाकूड झालो. आतल्या खोलीतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मला हाक मारता येत नव्हती.

त्यानंतर तिने गॅलरीतल्या त्या कोपऱ्याकडे पाहणंच टाकलं. माझ्यावर धूळ बसली. त्याचं येणं कमी झालं, फोन आखूड झाले. आणि मग एका सुट्टीच्या सकाळी ती नवा डबा घेऊन आली आणि मला शोधू लागली. मला कढत पाण्यात बुडवलं, जुन्या फणीने विंचरलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझे केस तुटून तिच्या हातात आले. तिने त्याला फोन लावला.

"तू तेव्हा ब्रश धुतला नव्हतास?"

"मला वाटलं, तू धुतलास."

तिने हातातले तुटलेले केस पाण्यात झटकले. मग तो म्हणाला, "नवा घे ना."

"हो," ती म्हणाली.

तिने नवा ब्रश आणला. पोरगा चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. मला हेवा वाटला, हे मात्र खरं. स्टूल धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ते भिंतीला टेकवून घेतलं. आधी आपली बाजू केली. त्याच्या उभ्या फटकाऱ्यांपाशी आल्यावर ती थांबली, त्यांवरून तळवा फिरवला, आणि मग त्यांवरही रंग ओढला. संध्याकाळी भिंत एकसारखी, नवीकोरी दिसत होती. कुणाचं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, काही कळत नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "भिंतीचं काय केलंस?"

तिने ओल्या भिंतीकडे पाहिलं. "राहिलीय अजून," ती म्हणाली. "तू आलास की करू."

मित्रांनो, मी आता दाराशी कचऱ्याच्या पिशवीत आहे. सकाळी मला नेतील. त्याआधी एवढंच सांगतो. काम झालं की ब्रश लगेच धुवा. दुसऱ्याने धुतला असेल असं धरून चालू नका, उठून बघा, नाहीतर निदान विचारा. वाळून गेल्यावर कढत पाणीही उपयोगी पडत नाही. ओला असतो तेव्हा नळाचं साधं पाणी पुरतं.