भिंतीपलीकडचे पाणी

काळ : शके १८९५, वैशाख मास. स्थळ : अहमदनगर जिल्ह्यातील पाथर्डी गाव, माधव मास्तर आणि सहादेव यांच्या घरांमधील सामाईक भिंत.

मी एक जुना, बुटका बांबू आहे. मित्रांनो, माझी उंची तुमच्या गुडघ्याएवढी. परंतु उंचीवरून माझी पारख करू नका. मी वर जात नाही, आडवा जातो, आणि तोही जमिनीखालून.

मास्तरांनी मला पुण्याच्या एका रोपवाटिकेतून कुंडीत आणले. माझ्या पानांवरील पांढऱ्या रेघा त्यांना फार आवडल्या. "याला कुंडीतच ठेवा, याची मुळं लांबवर पसरतात," असे तेथील माळ्याने बजावले होते. मास्तरांच्या पत्नी नीलांबरीबाईंनी त्याची आठवण करून दिली, तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, झाड आहे ते. कैदी आहे का कोंडून ठेवायला?" आणि त्यांनी मला भिंतीलगत जमिनीत लावले. दयेपोटी झालेली चूक लवकर ध्यानात येत नाही.

भिंतीपलीकडे सहादेवांचा गोठा होता, आणि गोठ्यात जमिनीत अर्धा पुरलेला दगडी हौद. सहादेवांच्या पत्नी मालनबाई आणि नीलांबरीबाई यांची भिंतीवरून रोज देवघेव चाले. तिकडून ताक येई, इकडून मेतकूट जाई.

मग पावसाने पाठ फिरवली. आड आटले. सहादेव बैलगाडीतून पाण्याचे पिंप आणीत आणि गाईसाठी हौदात ओतीत. गावातील तुळशीसुद्धा वाळल्या. मी मात्र हिरवागार. लोक मुद्दाम मला पाहायला येत आणि मास्तरांचे कौतुक करीत. मी कोणाचे पाणी पितो, हे एकानेही विचारले नाही.

सायंकाळी भरलेला हौद सकाळी उणा दिसू लागला. मालनबाईंनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिले, मग नीलांबरीबाईंच्या हातातील बादलीकडे.

"आमच्या हौदाला पाय फुटल्यात जनू. रातच्याला कुनाच्या बागंत जाऊन येतो, कुनास ठाऊक."

"मालनबाई, मी आंघोळीचं पाणी घालते याला. तुमच्या हौदाला हात लावला असेल तर देवाशपथ..."

"शपथ नगा घेऊ. शपथंनं हौद भरत न्हाई."

त्या दिवसापासून ताक येईना, मेतकूट जाईना. संशय फिटावा म्हणून नीलांबरीबाईंनी मला पाणी घालणेच सोडले. तरीही मी हिरवाच राहिलो. माझे प्रत्येक पान त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होते, आणि खरे सांगायला मला वाचा नव्हती.

अखेर गाईला पाणी पुरेना. "हितं तडफडून मरन्यापरीस बरं," असे म्हणून सहादेवांनी तिला घोडेगावच्या बाजारात नेऊन विकले. हौद कोरडा पडला. पुढे एके सकाळी तो झाडायला मालनबाई आत उतरल्या, तर त्याच्या तळाशी एक कोंब उभा होता. त्याच्या पानांवर पांढऱ्या रेघा होत्या.

सहादेवांनी पहारीने दगड उचकटला. चुना झडलेल्या सांध्यात माझ्या मुळ्या दोरखंडासारख्या दाटल्या होत्या, आणि ओलसर माती तेथून थेट भिंतीखाली गेली होती.

"घ्या मास्तर," सहादेव म्हणाले. "तुमचा पावना आमच्या घरात जेवत हुता."

एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे मास्तर तडक आपल्या अंगणात गेले. त्यांनी कुदळ घेतली आणि मला खणून काढले.

मित्रांनो, मला दोष द्यायचा तर जरूर द्या. पण मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाढलो. तो स्वभाव माहीत असूनही मला मोकळे कोणी सोडले, तेही विचारात घ्या. झाड लावताना त्याच्या पानांइतकीच त्याच्या मुळांची चौकशी करा. आणि दुष्काळात एखादी वस्तू हिरवी दिसली, तर तिचे कौतुक करण्यापूर्वी भिंतीपलीकडे डोकावून पाहा.

माझा शेवटचा गड्डा नीलांबरीबाई उकिरड्यावर टाकायला निघाल्या होत्या. इतक्यात मालनबाई पुढच्या दाराने आत आल्या. कित्येक महिन्यांत त्या नीलांबरीबाईंशी बोलल्या नव्हत्या. कोपऱ्यातली माझी जुनी कुंडी त्यांनी उचलली, पदराने पुसली आणि नीलांबरीबाईंपुढे ठेवली.

"हितं ठेवा, मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या. "जमिनीत न्हाई."