डोलकाठीच्या लाकडावर बसवलेलं इंजिन

मी बोलतोय तो मच्छीमार दाजींच्या परसातून, नारळाच्या मुळाशी पडून. मी एक डिझेल इंजिन. विकत आणलेलं नव्हे, भेट मिळालेलं.

तीन वर्षांपूर्वी एका परदेशी संस्थेने मला वेंगुर्ल्याजवळच्या या वाडीत पाठवलं. पेटीवर लिहिलं होतं, ‘कोकणच्या गरीब मच्छीमार बांधवांस’. सोबत गोरा साहेब आला, फोटो काढणारा आला. दाजींनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आणि माझ्यासाठी भक्कम बैठक हवी म्हणून होडीची डोलकाठी कापली. त्या लाकडावर मला बसवलं. शीड फाडून त्याचं मला पांघरूण केलं.

त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी मथुरा धावत किनाऱ्यावर आली.

“बाबा, डोलकाठी कित्याक कापलंस?”

“वाऱ्याचे पाय धरूचे दिवस गेले गो. एक हँडल मारला काय काम झाला!”

“पण ते फुकट कित्याक दितत? तो सायब आमचो मामा लागता?”

“कॉलेजात जावन तुझी जीभ तेवडी वाढली,” दाजी म्हणाले. सगळी वाडी हसली. मलाही तेव्हा ती पोर आगाऊच वाटली. वडीलधाऱ्यांना एवढं कळत नसेल?

नव्हतं कळत. पहिल्या वर्षी डिझेल फुकट आलं, दुसऱ्या वर्षी अर्ध्या किमतीत, मग पंपावरच्या भावाने. माझा एक वायसर जरी झिजला तरी तो साहेबाच्याच देशातून यायचा. आम्ही आणलेली सगळी कोळंबी एक कंपनी घेऊन जायची. तिच्या बर्फाच्या पेट्यांवर जे चिन्ह होतं, तेच माझ्या पाठीवर कोरलेलं होतं. ते सर्वांत आधी मथुराने पाहिलं. दाजींनी पाहूनही पाहिलं नाही.

मग आखातात लढाई पेटली आणि आमच्या पंपावर कॅनच्या रांगा लागल्या. बडे देश तिकडे लोकांच्या भल्यासाठी जहाजं पाठवताहेत, असं रेडिओ सांगे. मथुरा रेडिओलाच विचारी, “थंय तेल नसता तर ते गेले असते?”

गेल्या माघात दाजी आणि त्यांचा मुलगा बाबली मला घेऊन निघाले. कॅन अर्धाच होता. परत येताना मी उचक्या दिल्या आणि गप्प झालो. वारा चांगला होता, थेट किनाऱ्याकडे वाहणारा. याच वाऱ्यावर दाजींचे वाडवडील शीड सोडून खाडीत शिरायचे. पण होडी खडपांकडे, किनाऱ्यालगतच्या खडकांकडे, वाहू लागली. माझ्या वजनाने ती इतकी जड झालेली की दोघांच्या वल्ह्यांना आवरेना.

बाबलीने माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं. “बाबा, वल्ही उभी धर! ह्याचाच शीड करतंय!”

दाजींनी वल्ही धरली. तुकडा क्षणभर फुगला, होडी वळलीसुद्धा. पण वल्ही म्हणजे डोलकाठी नव्हे. वल्ही हातातून निसटली आणि होडी खडपावर आपटली.

दाजी वाचले. बाबलीला त्याच फडक्यात गुंडाळून घरी आणलं. मला ओहोटीला ओढून काढलं.

बाबलीचं दिवसकार्य आटोपल्यावर साहेब आला. मदत म्हणून दुधाच्या पावडरीचे डबे आणि ब्लँकेटं घेऊन. कोकणात, चैत्राच्या उन्हात, ब्लँकेटं! फोटोवालाही होता. आणि सोबत एक पेटी, माझ्याहून मोठी. तिच्यावर तेच अक्षर, तेच चिन्ह. “कागदावर अंगठा द्या, इंजिन तुमचं,” दुभाष्या म्हणाला.

पेटी पडवीत आहे. अंगठा अजून दिलेला नाही. काल दाजी करवत घेऊन माझ्याजवळ आले. माझ्या बुडाखालच्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला. दारात मथुरा उभी होती. तिच्या हातात ते फडकं होतं.

“आता काय कापतलंस, बाबा?”

करवत दाजींनी खाली ठेवली नाही.

दाजी, मी तुमच्या पूजेचा नारळ खाल्लेला आहे, म्हणून सांगतो. पोरीला उत्तर द्या. माझ्यावर चढलेला गंज बघा, बाबलीच्या कपड्यांची रिकामी खुंटी बघा, आणि मग उत्तर द्या. ती पेटी मात्र उघडू नका.