खालचा सूर

दिवसभर लोकांच्या तोंडात बसतील अशा कवळ्या घडवणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीचे दात घासून घेता येत नाहीत, हा त्या घरातला रोजचा विनोद होता. कामाच्या ठिकाणी दिव्याखाली मेणात एकेक दात बसवताना जिचा हात केसभरही हलत नसे, ती संध्याकाळी सात वाजता ब्रश घेऊन साडेचार वर्षांच्या मुलीमागे घरभर धावे, आणि नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन दोघींना वाट करून देई. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. तिला झोपवायचं म्हणजे आधी तिचं फिरणं थांबवायचं, आणि त्याचा एकच उपाय आईला सापडला होता. तो म्हणजे गाणं.

क्रम ठरलेला होता. आंघोळ, दात, मग हात जोडून प्रार्थना, जिच्यात आईबाबांपासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांबद्दल प्रभूचे आभार मानले जात, आणि मग पलंगाच्या कडेला बसून आईने म्हणायची तीन भक्तिगीतं. पडद्याबाहेर अजून उजेड असे, रस्त्यावर मुलं सायकली फिरवत असत, पण तिसरं गीत सुरू झालं की भिंगरी डोळे मिटून घेई. ते गीत जुनं होतं, आईच्या लहानपणीच्या गावातल्या चर्चमधलं. ‘नीज आता कोकरा, राखणारा जागा आहे.’ इथल्या चर्चच्या मंडळीत ते कुणालाच येत नव्हतं. मुलगी जन्मली त्या दिवशी दवाखान्यात, अंगात त्राण नसताना, आईने तेच तिच्या कानाशी म्हटलं होतं, आणि त्यानंतर एक दिवसही चुकवलं नव्हतं.

खरं तर तिला त्या गीताची चाल म्हणताच येत नव्हती. अकराव्या वर्षी ती गायकवृंदात गेली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी तिचा आवाज ऐकून तिला मागच्या रांगेत उभं केलं, आणि लग्न होऊन गाव सुटेपर्यंत ती तिथेच राहिली. पुढची रांग चाल म्हणायची आणि मागच्या रांगेने तिच्या खालून, दोन-तीन सुरांत घुटमळत, तिला आधार द्यायचा. मागचं कुणी चालीकडे वाहवत गेलं की बाई फूटपट्टी आपटत. इतकी वर्षं असं गाऊन तो खालचा सूर तिच्या हाडीमाशी खिळला होता. एकटी गायला बसली तरी तोंडून तोच निघे.

“नुसता पाया घातलायस,” नवरा म्हणायचा, “घर कधी बांधणार?”

“पोरगी झोपते ना? मग झालं तर,” ती म्हणायची.

भिंगरीच्या लेखी तेच गाणं होतं आणि तो सूर म्हणजेच आई होती. दुसरं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

म्हणून त्या संध्याकाळी, तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या ओळीत, मिटल्या डोळ्यांनी मुलगी हलकेच गुणगुणू लागली तेव्हा आईला आधी कौतुकच वाटलं. आवाज वर गेला, थोडा थांबला, वळण घेऊन तिच्या सुरावर अलगद उतरला. किती गोड जमलं, असं मनात येतंय तोवर तिचं गाणं मध्येच तुटलं. ही चाल होती. पुढच्या रांगेची, सूर न् सूर तीच.

“हे कुठं ऐकलंस गं?” तिने विचारलं.

“इथंच.”

“पण मी असं नाही म्हणत.”

“तू नाही गं,” भिंगरी जांभई देत म्हणाली, “वरचं ती म्हणते ना.”

“कोण ती?”

मुलीने डोळे न उघडता पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला बोट दाखवलं, आणि दुसऱ्या क्षणी तिला झोप लागली.

मुलांना काहीही सुचतं, नवरा म्हणाला, आणि दोन कप चहा करून आणला. तिनेही स्वतःला तेच समजावलं. पण दुसऱ्या संध्याकाळी ती गाऊ लागली तशी मुलीने तिच्या हातावर हात ठेवला. “आई, एवढी घाई नको करू. तिला दम घेऊ दे.” आईने ओळीनंतर थांबून पाहिलं. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. फक्त मुलगी समाधानाने मान हलवत होती, आणि मान हलायची थांबली तेव्हा आईला कळलं की आता पुढची ओळ घ्यायची.

कामावर तिचं लक्ष उडालं. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कवळीत तिने वरचा सुळा उलट्या बाजूला बसवला आणि वरिष्ठांनी तो दाखवेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नाही. तिला एक गोष्ट आठवली होती आणि ती मनातून जात नव्हती. आधाराला कुणी नसलं की तिचा सूर गीत संपेपर्यंत थोडा खाली घसरायचा, कायमच. घरी जाऊन तिने कपाटातून सूर देणारी छोटी पिपाणी शोधून काढली. निजवायच्या वेळी पिपाणी फुंकून तिने गीत धरलं, तिन्ही कडवी म्हटली, आणि शेवटच्या अक्षरावर पुन्हा फुंकली. सूर जागच्या जागी होता. तसूभरही ढळला नव्हता. गायकवृंदात असायचा तसा, शेजारी कुणीतरी घट्ट धरून ठेवलेला. पिपाणी तिच्या हातून निसटून पलंगाखाली गेली, आणि ती काढायला वाकायचा तिला धीर झाला नाही.

तिने गाणं बंद केलं. बाबांनी गोष्टी सांगितल्या, सशाच्या, हत्तीच्या, शेवटी सशाच्या लग्नाला हत्ती गेला त्याची. भिंगरी सगळ्या ऐकून घेई, हसे आणि मग छताकडे बघत पडून राही. पहिल्या रात्री तिला जेमतेम दोन तास झोप मिळाली, दुसऱ्या रात्री तेवढीही नाही. तिसऱ्या दिवशी बालवाडीतून फोन आला की मुलगी खाली पडते, उभ्या उभ्या डोळे मिटते, पण निजवलं तर निजत नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि काही नाही म्हणाले. डोळ्यांखाली काळं पडलेली पोर आईचा पदर ओढत म्हणत होती, “म्हण ना गं. आम्ही वाट बघतोय.”

‘आम्ही’ ऐकून ती उठली आणि तडक चर्चमध्ये गेली. ऑर्गन वाजवणारे मास्तर रविवारची गीतं बसवत होते. त्यांच्यापाशी तिने सगळं सांगितलं नाही, लाज वाटली, एवढंच म्हणाली की मुलीला कुणी न गायलेला सूर ऐकू येतो.

“त्यात भिण्यासारखं काय आहे?” मास्तर म्हणाले. “तुम्ही अर्धंच गाता, ताई. वरची जागा रिकामी ठेवता. रिकामी जागा दिसली की कान काहीतरी आणून बसवतो. मोठ्यांचाही बसवतो.”

“मग मी काय करू?”

“ती जागा तुम्हीच भरा. चाल म्हणा.”

जुन्या पुस्तकात त्यांना ते गीत सापडलं. अर्धा तास त्यांनी तिला एका बोटाने चाल वाजवून दाखवली, आणि ती चर्चच्या रिकाम्या बाकांसमोर उभी राहून शिकली. दोनदा ती जुन्या खालच्या सुरावर घसरली, आणि दोन्ही वेळा फूटपट्टी ऐकू आल्यासारखी सावरली. घरी परतताना रस्ताभर ती चाल पुटपुटत होती. जागा भरली की संपलं, तिला वाटत होतं. इतकं साधं होतं आणि आपण उगाच घाबरलो. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

त्या संध्याकाळी दात विनातक्रार घासून झाले. प्रार्थनेत मांजराचे आभार मानले गेले. पहिली दोन गीतं तिने भराभर उरकली आणि तिसऱ्याला ताठ बसली. पडद्यावर बाहेरचा पिवळा उजेड होता. तिने वरून सुरुवात केली.

आवाज थोडा कापला, पण चाल बिनचूक आली. वर गेली, थांबली, वळली. भिंगरीने डोळे उघडले. कपाळाला आठी घालून ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. आईने हसून तिच्या केसांवरून हात फिरवला आणि दुसरी ओळ घेतली.

दुसऱ्या ओळीत कुणीतरी खालून आधार दिला.

आधी तिला तो कानातला भास वाटला. मग शब्द कळले. भिंतीच्या बाजूने, अगदी जवळून, दोन-तीन सुरांत घुटमळणारा तो आवाज थोडा घोगरा होता, ‘राखणारा’ म्हणताना मध्येच किंचित चिरकत होता, जसा तिचा स्वतःचा आवाज साडेचार वर्षं रोज त्याच अक्षरावर चिरकला होता. तिने खाली यायचा प्रयत्न केला. आपल्या सुरावर, आपल्या जागी. पण तिथे कुणीतरी उभं होतं, आणि गळा काही केल्या तिकडे वळेना.

ती गायची थांबली. खालचा सूर थांबला नाही. त्याने शांतपणे ओळ पुरी केली, दम घेतला आणि पुढची धरली.

भिंगरीच्या कपाळावरची आठी गेली. तिने एक लांब सुस्कारा सोडला, कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि तिकडे हात टाकला, रोज आईच्या मांडीवर टाकायची तसाच. हात गादीवर पडला नाही. गादीच्या वर, मांडीच्या उंचीवर, तो विसावून राहिला.

“भिंगरे,” आई कशीबशी म्हणाली, “इकडे बघ ना. माझ्याकडे.”

मुलीने मान अर्धी वळवली. डोळ्यांत झोप भरली होती, तरी परक्या मोठ्या माणसांशी नीट बोलायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

“तुम्ही जा आता, काकू,” ती म्हणाली. “आई आली ना.”