मुहूर्त पाहिला, डिस्क नाही पाहिली

मित्रांनो, नाकं मुरडू नका. टेबलाखाली धूळ खात पडलेला हा पत्र्याचा डबा म्हणजे मी, द्वारका चौकाजवळच्या एका इस्पितळातल्या रक्तपेढीचा जुना सर्व्हर. तिथल्या साऱ्या संगणकांची माहिती मी एकटा जपायचो. आता माझ्या डोक्यावर चहाचा थर्मास ठेवतात. ठेवू देत! माझा संताप वेगळाच आहे.

मला घेतलं तेव्हा इथल्या सविताताईंनी दुकानदाराचा पिच्छा पुरवला होता. "या मशीनला हीच डिस्क चालते, असं कंपनीनं सांगितलंय का? बिघडलं तर कोण येणार?" बिचारा घामाघूम झाला, पण उत्तरं खरी दिली. म्हणूनच मी इतकी वर्षं कधी दगा दिला नाही. कोणाला कुठलं रक्त चालतं, कुठलं सोसत नाही, सगळं माझ्या पोटात होतं. पेठकडच्या लंकाबाईंच्या निकिताचंही. तिला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. सारखं रक्त घेऊन घेऊन आता तिला वाटेल त्याचं रक्त चालत नाही, फार पारखून द्यावं लागतं.

पुढे मी थकलो. नवा आणायचा तर खुशाल आणा! पण व्यवस्थापक दिनेशरावांनी तो आपल्या साडूकडून, धनराजशेठकडून घेतला, आणि तोही ऐन दसऱ्याला. मशीन एका कंपनीचं, डिस्क भलत्याच कंपनीच्या. सविताताई म्हणाल्या, "सर, आठवडाभर नुसता चालवून बघू. मग माहिती हलवू."

"अहो ताई, डिस्क ती डिस्क! खाचेत बसली ना?" धनराजशेठ हसले.

"मुहूर्त टळतोय, सविता. आजच्या दिवशी तरी शुभ बोल," दिनेशराव म्हणाले.

झालं! झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. माझ्यातली माहिती त्याच्यात भरली आणि मला पुसून कोरा केला. दुसरी प्रत ठेवायची सोय? ती म्हणे दिवाळीनंतर.

दिवाळीच्या तोंडावर त्या नव्या सर्व्हरनं मान टाकली. कंपनी म्हणाली, डिस्क आमच्या नाहीत. धनराजशेठ म्हणाले, दोष मशीनचा. आणि त्याच दुपारी लंकाबाई निकिताला पाठुंगळी घेऊन आल्या. पोर दुखण्यानं कळवळत होती.

"दर येळी लगेच देता ना ओ ताई? आज काय झालं?"

निकिताची नोंद नव्या सर्व्हरबरोबरच गेली होती. सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या. संध्याकाळी एकदाचं रक्त मिळालं. पोर वाचली हो, पण तोवर रडून रडून तिचा आवाज बसला होता. जी गोष्ट चुटकीसरशी सापडायची, तिच्यासाठी एवढ्याशा लेकरानं का तळमळायचं?

"मशीनच खराब निघालं, मावशी," दिनेशराव म्हणाले.

लंकाबाईंना टेबलाखाली मी दिसलो, ते खराब मशीन मीच असं त्यांना वाटलं. त्यांनी मला सणसणीत लाथ हाणली. "मुडद्या! माझ्या पोरीच्या जिवावर उठला व्हतास!"

त्या माउलीवर माझा राग नाही. दिनेशराव तिथेच उभे होते आणि गप्प राहिले, त्याची मात्र चीड येते. मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रं घ्याल. हार घालण्याआधी चार प्रश्न विचारा. सोयरीक जुळली म्हणून सुटे भाग जुळत नाहीत! आणि चुकलंच कधी, तर "मी निवडलं होतं" एवढं तरी म्हणा. आम्हांला तोंड नाही, तुम्हांला आहे.