भवानीबाईंची पोटरी

देवासला टेकडीच्या पायऱ्या उतरताना भवानीबाई घसरल्या आणि त्यांच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं, ते सन १९०९ च्या चैत्रात. आषाढात डॉक्टरांनी पायाच्या लाकडी पट्ट्या सोडल्या, हाड जुळल्याचं सांगितलं आणि बाईंना हळूहळू उभं करण्यासाठी इंदूरहून यमुनाबाईंना बोलावलं. यमुनाबाई विधवा होत्या. इंदूरच्या एका जनाना इस्पितळात त्या परिचारिकेचं काम शिकल्या आणि सहा वर्षं तेच करत होत्या.

त्यांना आणण्याचा बंदोबस्त भवानीबाईंच्या मुलानं, यशवंतरावांनी केला होता. ते धार दरबारात नोकरीला होते. तिथलं बिऱ्हाड लहान आहे, असं सांगून त्यांनी बायकोला, मालनला, तीन वर्षं देवासलाच आईजवळ ठेवलं होतं. आईचा पाय मोडल्यापासून मात्र ते दर पंधरा दिवसांनी टांग्यानं येत आणि दोन दिवस राहत.

मालननं यमुनाबाईंचं स्वागत केलं, पण ओठ घट्ट मिटूनच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, की इथलं सगळं तुम्ही धारला लिहून कळवणार का. पायाबद्दल दर आठवड्याला लिहायचं ठरलं आहे, असं यमुनाबाईंनी सांगितलं. त्यानंतर मालन त्यांना रोग्याजवळ एकटं सोडीना.

काम रोज सकाळी चाले. भवानीबाईंना कुशीवर वळवायचं, पाठीला तेल चोळायचं, घोटा वर-खाली करायचा, गुडघा दुमडून परत सरळ करायचा. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं. एवढ्यातच भवानीबाई डोळे मिटत, घेरी येते म्हणत आणि आडव्या होत. उभं राहण्याचं नाव काढलं की मालन मध्ये पडे. दुपारी तर ती खोलीचं दार आतून लावून घेई.

यमुनाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सासू अंथरुणाला खिळून राहिली तर घर सुनेच्या ताब्यात राहतं, हे त्यांनी इस्पितळात पाहिलं होतं. माळव्यात अफू घरोघरी मिळे. सकाळी मालन जो काढा देई, त्यातच काही असेल का? एके दिवशी त्यांनी रिकामी वाटी उचलून वास घेतला, तळाशी बोट फिरवून चाटलं. सुंठ आणि गूळ. दुसरं काही नव्हतं. मालन दारात उभी राहून हे पाहत होती. तिनं वाटी काढून घेतली आणि ती निघून गेली.

यमुनाबाई दर सोमवारी दोन्ही पोटऱ्यांभोवती दोरा गुंडाळून, गाठ मारून माप घेत. इतके महिने पडून राहिलेला पाय वाळतो, आणि पहिल्या सोमवारी उजवी पोटरी दोन बोटं बारीक होतीच. पण सहाव्या सोमवारी ती भरलेली निघाली. रोज सकाळी नुसता घोटा हलवून एवढी भरत नाही. त्यांनी तळवा उलटून पाहिला. सकाळीच तो पुसला होता, आणि आता टाचेला सारवणाचं वाळलेलं शेण चिकटलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांच्या वहीत होती. यशवंतराव यायच्या आदल्या दिवशी भवानीबाईंची नाडी धावत असे, त्या जेवत नसत, झोपत नसत. ते गेले की नाडी शांत.

त्या दुपारी मालन कडी लावायला विसरली आणि यमुनाबाई दार ढकलून आत शिरल्या. भवानीबाई भिंतीला हात लावून खिडकीकडे चालल्या होत्या. गुडघा काठीसारखा ताठ, बराचसा भार डाव्या पायावर. मागून मालननं त्यांना कमरेला धरलं होतं. तिघीही जागच्या जागी थांबल्या.

“सुनेला बोल लावू नका,” भवानीबाई म्हणाल्या. “मीच तिला सांगितलं. मी पडून आहे म्हणून तो येतो, आणि हे त्याला कळेल या धास्तीनं आदल्या दिवसापासून मला अन्न जात नाही. मी उठले की ही परत एकटी. धारला त्यानं कुणा बाईला ठेवलंय, असं लोक म्हणतात. खरं-खोटं देव जाणे.”

मालन खाली बघत होती. तुम्हाला त्यांनीच आणलं, तुम्ही त्यांच्याच बाजूच्या, एवढंच ती म्हणाली.

यमुनाबाईंना आपल्या संशयाची लाज वाटली, आणि रागही आला. त्यांनी आधी भवानीबाईंना खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, “आईसाहेब, चोरून चालल्यानं पाय वाकडा पडतोय. गुडघा दुमडत नाही, कंबर एकीकडे झुकते. आणखी दोन महिन्यांनी हीच चाल कायमची होईल. मुलाला बोलवायला तुम्ही अंथरूण धरलंत, पण ते अंथरूण पुढे तुम्हाला सोडणार नाही.”

पत्रात मी खोटं लिहिणार नाही, पण खरं यशवंतरावांना तुम्हीच सांगा, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून भवानीबाई अंगणात, उघड्यावर चालू लागल्या. टाच आधी, मग पंजा. गुडघा दुमडून. धाप लागली की थांबून सावकाश श्वास. मालन शेजारून पावलं मोजत असे. पुढच्या भेटीला यशवंतराव आले तेव्हा आई काठी घेऊन उंबऱ्यात उभी होती. ते खूश झाले. संध्याकाळी म्हणाले, की आता दर पंधरवड्याला यायची गरज नाही, दरबारात काम फार आहे.

“नकोच येऊस,” भवानीबाई म्हणाल्या. “दसऱ्यानंतर आम्ही दोघी तिकडे येतो.”

यशवंतराव जागेचं सांगू लागले, रस्त्याचं सांगू लागले. भवानीबाईंनी ऐकून घेतलं आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. दसऱ्यानंतर त्या टांग्यानं, इंदूरला मुक्काम करून, धारला गेल्या.

कार्तिकात यमुनाबाईंना मालनचं पत्र आलं. बिऱ्हाड लहान नव्हतं, चार खोल्यांचं होतं. एका खोलीला कुलूप होतं आणि किल्ली हरवली असं सांगण्यात आलं. आईसाहेब रोज त्या दारापुढच्या पडवीतच चालण्याचा व्यायाम करत. आठव्या दिवशी किल्ली सापडली. आत बाईमाणसाची एक ट्रंक होती, ती दुपारीच कुणाच्या तरी गाडीतून गेली. ‘ते आता घरी जेवतात,’ मालननं लिहिलं होतं. ‘पण कचेरीतून यायला उशीर झाला की माझं लक्ष दारात असतं. भरवसा अजून बसत नाही.’

यमुनाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांनी एवढंच कळवलं, की आईसाहेबांना आता पायऱ्या चढू द्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि तुम्हीही रोज त्यांच्याबरोबर चालत जा.