तीन वीत कोरं कापड

मी एक जुना कालपट आहे. मित्रांनो, कालपट म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. पंधरा हात लांब मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड घ्या, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन हजार वर्षांचा इतिहास चितारा, शंभर वर्षांना एक वीत जागा द्या आणि वर्गाच्या भिंतीवर ताणून ठोका. झाला कालपट. माझ्या अंगावर राजे आहेत, नांगर आहेत, जहाजं आहेत, आणि एक हत्ती आहे जो थोडासा डुकरासारखा दिसतो. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

मला रंगवलं चित्रकलेच्या सरांनी. माणूस हौशी, पण शाळेकडून रंगाचे डबे मिळाले चारच. त्या वर्गात एक जाडजूड लाकडी कपाट होतं, चार जणांनी ढकललं तरी हलणार नाही असं. माझा मधला भाग त्याच्या मागून जायचा. दोनच वर्षांत सरांची बदली झाली. निघताना त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला, तो हात मला अजून आठवतो.

पुढे कपाटाला वाळवी लागली, ते गेलं, आणि माझं पितळ उघडं पडलं. मध्येच तीन वीत जागा कोरी होती. ना राजा, ना नांगर, ना हत्ती. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"बाई, या तीनशे वर्षांत काय झालं?"

बाई हजेरी घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही झालं नसेल. बस खाली."

मुलगा बसला. त्याच्या डोक्यातला किडा काही बसला नाही.

तोच पुढे आमच्या शाळेत इतिहासाचा सर झाला. मित्रांनो, माझी काळजी त्यांच्याइतकी कुणीच घेतली नाही. दर शनिवारी ते मऊ फडक्याने माझी धूळ झटकायचे. छत गळायला लागलं, तेव्हा स्वतःची छत्री उघडून त्यांनी माझ्या डोक्यावर टांगली आणि घरी भिजत गेले. म्हणून पुढचं सांगताना माझ्या मनात राग नाही.

जगात काही लोक असं मानतात, की जुन्या इतिहासातली काही शतकं कधी झालीच नाहीत. लेखनिकांनी ती चुकून किंवा मुद्दाम घुसडली. सरांना हे वाचून पटलं. पटणारच. कोरी जागा त्यांनी लहानपणीच डोळ्यांनी पाहिली होती. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, यांच्याकडे तर अख्खा मांजरपाट होता. वीस वर्षं ते त्याच तीनशे वर्षांबद्दल वाचत राहिले, वह्या भरत राहिले. आणि खरं सांगू? स्वतःची पाठ कुणाला दिसते? मलाही वाटायला लागलं, की मी तिथे खरंच पोकळ आहे.

मग शाळेचं प्रदर्शन आलं. आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला पहिल्यांदाच भिंतीवरून उतरवलं, घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि थोरल्या बहिणीला हाक मारली. ताई कपडे शिवायच्या.

"ताई, एवढी तीन वीत काप आणि दोन्ही टोकं जोडून दे. उद्यापासून मुलांना खरा इतिहास शिकवतो."

कापलेलं कापड जोडता येतं, पण ती वर्षं आमच्या मुलांना पुन्हा कुणी शिकवणार नव्हतं.

ताईंनी चष्मा लावला. "आणि त्या तीनशे वर्षांतली माणसं?"

"नव्हतीच. त्या काळातलं लिखाण फारसं सापडत नाही. शिवाय दोन राजांच्या गोष्टी अगदी सारख्या. नाव तेच, स्वभाव तोच. एकच राजा दोनदा मोजलाय."

"तुला आजोबांचंच नाव ठेवलंय. ते शिक्षक, तूही शिक्षक. ते हट्टी, तू तर काय विचारूच नको. मग तुला मोजायचं की नाही?"

सर माझ्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

"आणि ते ग्रहणांचं? जुळत नाही म्हणाला होतास."

"ते बघू नंतर."

ते 'नंतर' सहा वर्षं त्यांच्या शेवटच्या वहीत घडी घालून पडलं होतं.

ताईंनी खडू घेतला आणि मला उलटं केलं. शिवणारं माणूस कापायची खूण नेहमी उलट्या बाजूला करतं, म्हणजे सुलट बाजूला डाग राहत नाही. खडू टेकवणार, इतक्यात त्या थांबल्या.

"अरे, इथे काहीतरी लिहिलंय."

पेन्सिलीचं, चित्रकलेच्या सरांचं अक्षर होतं. 'इथे कपाट येतं. दिसणार नाही, म्हणून रंग वाचवला आहे. कपाट हललं तर काढावं: पूल बांधणारे, कागद करणारे, मोठा दुष्काळ, ग्रहण बघणारे. कुणीतरी पूर्ण करावं, ही विनंती.'

सरांनी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीत बसले, तिसऱ्या बाकावर बसायचे तसेच.

"वीस वर्षं गेली गं ताई."

"गेली कुठे? त्या काळाबद्दल तुझ्याइतकं आता इथे कुणाला माहीत आहे?"

सरांनी वहीतला तो घडी घातलेला कागद उलगडला. लांबलांबच्या देशांत, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी ग्रहणं नोंदवून ठेवली होती. ग्रहणांचे दिवस गणिताने मागे मोजत जाता येतात. तीनशे वर्षं कापली, की त्यांनी नोंदवलेल्या कितीतरी दिवशी ग्रहण लागतच नव्हतं.

"हे मला कळलं होतं," सर हळू आवाजात म्हणाले. "बघायचं नव्हतं."

ताईंनी कात्री पेटीत ठेवली. माझ्या जिवात जीव आला.

प्रदर्शनात सरांनी मला उलटं टांगलं, पाठ लोकांकडे आणि तोंड भिंतीकडे. मला दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. सगळ्यांसमोर सर म्हणाले, "कुणी चित्र काढलं नाही, म्हणून काही घडलंच नाही, असं मी धरून चाललो. चुकलो." मग काठीची टकटक जवळ आली. आमच्या हजेरीवाल्या बाई होत्या, आता खूप म्हाताऱ्या.

"तुझा प्रश्न चांगला होता रे," त्या म्हणाल्या. "उत्तर माझं चुकलं."

त्या वर्षीच्या मुलांनी माझी कोरी जागा भरली. सर वह्या उघडून सांगायचे, मुलं रंगवायची. आता तिथे पूल आहे, कागद वाळत घातलेले आहेत, रिकाम्या विहिरीपाशी उभी माणसं आहेत, आणि मान वर करून ग्रहण बघणारी एक बाई आहे. सरांनीही हौसेने एक हत्ती काढला. तोही डुकरासारखाच झाला.

माझे रंग आता उडत चालले आहेत, कडा विरल्या आहेत. पण मी तृप्त आहे. ज्यांनी मला रंगवलं, ज्यांनी उलटून पाहिलं आणि ज्यांनी पूर्ण केलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. मित्रांनो, तुम्हाला कुठे कोरी जागा दिसली, तर माझं एवढंच मागणं आहे. कात्री शोधायच्या आधी कापड उलटून बघा.